ठिपक्याची पट्टी

डॉक्टरची चिठ्ठी नाहीच ना — ते तू औषधाच्या दुकानाची पायरी चढलास तेव्हाच कळलं मला. पाठ दुखते म्हणे. तुमच्या अख्ख्या वसतिगृहाची पाठ एकदम कशी रे दुखायला लागली? मी सांगते कशी. समोर बघ, दारूच्या दुकानाचा मालक खुर्ची बाहेर टाकून पेपर वाचत बसलाय. बाटलीचे भाव वाढले आणि पोरं सुधारली, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले — भिंतीवर पदवी टांगून बसलेली मी, तरी म्हणाले. रस्ता काय शांत झाला होता! माझं बाळ गाढ झोपायचं इथे गल्ल्यामागे. मग तुम्ही एकेक करून माझ्याकडे यायला लागलात. बाटलीपेक्षा गोळ्यांची पट्टी स्वस्त, वास नाही, बोभाटा नाही — हळू बोल, बाळ उठेल.

नाही म्हणून पाहिलं की. तर कोपऱ्यावर तो मोटारसायकलवाला टपलेलाच. त्याच्या पुडीत काय असतं ते त्यालाही ठाऊक नसेल. मग मी अक्कल चालवली — आधीची रिकामी पट्टी दाखवा, तरच दुसरी. म्हणजे कोण किती घेतंय ते माझ्या नजरेत राहील. दूध संपव, मग खेळणं देते — त्यातलाच प्रकार. झालं काय? तुम्ही रिकाम्या पट्ट्याच एकमेकांना विकायला लागलात, कचऱ्यातून वेचून. आहे की नाही मी हुशार?

माझा धाकटा भाऊ तुमच्यातच राहतो. ओळखत असशील, उंच आहे, मान खाली घालून चालतो. नाही, तो तसल्यांतला नाही — म्हणजे, आहे. त्याला मीच देते. बाहेरून घेण्यापेक्षा बहिणीच्या हातून बरी, अशी मनाची समजूत घालते. मनाला पटत नाही, पण हात देऊन मोकळा होतो. त्याच्या पट्टीला मागून नेलपॉलिशचा ठिपका लावते, उगाच दुसऱ्याची रिकामी आणून मला बनवायला नको. आठवडाभर पुरव रे बाबा, म्हटलं. आज सकाळीच जुनी रिकामी देऊन नवी घेऊन गेला. बाळाच्या पायाचा मुका घेतला, कधी नव्हे ते.

बरं, आण इकडे, बघू तुझी.

ही कुणाची?

अरे, खाली काय बघतोस — हा ठिपका माझा आहे. सकाळची पट्टी आहे ही, आणि एकही गोळी नाही हिच्यात. कुठे मिळाली? त्याच्या खोलीत? आणि तो? झोपलाय म्हणजे — हाक मारलीस का तू? हलवून पाहिलंस?

विकल्या असतील त्याने. हो ना? वाटल्या असतील तुम्हा सगळ्यांना. तसं म्हण. मी रागावणार नाही, तुला हवी ती पट्टी घेऊन जा, पैसे राहू देत — फक्त विकल्या म्हण.



सर बाजूला. बाळाला मी घेते, तू शटर ओढ आणि चल त्याच्या खोलीवर.