धवले सोडून बाकी सगळं

…नाही, मला एक सांगा, कॉम्प्युटरला मी काय सांगितलं होतं? 'धवले' नावाचा फोल्डर सोड, बाकी वर्षाहून जुनं असेल ते उडव. एवढंच! यात माझं काय चुकलं?

आता तुम्ही विचाराल, महाप्याच्या कंपनीत सर्व्हरवर लग्नातली गाणी काय करतायत? तुम्हाला सांगतो, आमची गोजराआत्या म्हणजे नावड्याची धवलारीण, तिनं धवला म्हटल्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही. दोन वर्षांमागे तिच्या घशाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा आदल्या आठवड्यात मी तिला बसवून बेचाळीस धवले रेकॉर्ड केले, आणि आज तिचा आवाज म्हणजे नुसती फुसफुस… येत्या रविवारी माझ्या बहिणीचं, सुचिताचं लग्न, आणि ती हट्टाला पेटलीय, "दादा, आत्याचा आवाज नसेल तर मी पाटावर बसनार नाय!" माझा मोबाइल कायम फुल, म्हणून धवले ठेवले सर्व्हरवर. तो सांभाळतो कोण? मीच. अठरा वर्षं!

तर सोमवारी डिस्क भरली. साहेब म्हणाले, "रूपेश, संध्याकाळपर्यंत जागा पाहिजे." मी म्हटलं, चहा संपायच्या आत देतो. फाइंडची, म्हणजे जुन्या फायली हुडकणाऱ्या कमांडची, एक ओळ लिहिली. त्यात घातलं प्रून, म्हणजे या फांदीकडे जाऊच नको. शेजारच्या टेबलावरची नमिता, दोन वर्षांचा अनुभव, मला म्हणते, "सर, डिलीटच्या आधी नुसती यादी काढून बघा ना." काढली! हजारो फायली, पण धवल्यांतली एक नाही. म्हटलं, बघ पोरी, याला म्हणतात हात बसणं. मग 'प्रिंट' पुसलं, तिथं 'डिलीट' लिहिलं. यात माझं काय चुकलं?

तर तो कॉम्प्युटर अडला, आणि बेलापूरच्या कचेरीतल्या क्लार्कसारखा थंडपणे म्हणतो कसा, "डिलीट असलं की मी खोलातून सुरुवात करतो, मग प्रूनचा उपयोग नाही. तरी पुढे जायचंच असेल तर 'डेप्थ' असं स्वतः लिहून द्या." नमिता म्हणाली, "सर, नीट वाचा." वाचलं की! लिहून द्या म्हणाला, दिलं लिहून. आपल्याकडे अर्जात एक कागद कमी पडला की आपण काय करतो? जोडतो ना? मग?

तो मेला आधी फोल्डरच्या पोटात शिरला, बेचाळीसच्या बेचाळीस खाऊन बाहेर आला, आणि मग दारावरची पाटी वाचली, 'आत जाऊ नये'.

बॅकअप? होता ना, रोजचा होता! पण घरची गाणी साहेबांच्या नजरेला पडायला नकोत म्हणून बॅकअपमधून 'धवले' मीच वगळलेलं, आणि तिथं मात्र, तुम्हाला सांगतो, इतकं चोख वगळलं गेलं की दोन वर्षांत एक ओळसुद्धा चुकून आत गेली नाही. माझंच काम ते!

खोटं कशाला बोलू, पार्किंगमध्ये बसून रडलो मी. फायलींचं काय, पण आत्याचा तो आवाज आता जगात कुठेच नव्हता, आणि तो पुसला होता मी. संध्याकाळी तिच्यापुढे जाऊन बसलो, सगळं सांगितलं, प्रून, डेप्थ, सगळं. म्हटलं, आत्या, यात माझं काय…

तिनं हातानंच गप्प केलं. मग माझा कान धरून तोंडाशी ओढला आणि फुसफुसली, "बस. मी सांगीन, तू म्हन. चुका मी काढीन."

म्हटलं, अगं, धवले बायकांनी म्हणायचे! तर म्हणते, "आवाज हाय तुजा? मंग म्हन."

आज गुरुवार. एकोणीस पाठ झालेत, अजून तेवीस बाकी आहेत, आणि चाळीतल्या बायका दाराशी येऊन माझा सूर सुधारून जातात. तर रविवारी नावड्याला लग्नाला नक्की या. धवलारीण मी आहे.