वृत्तांतातली तेवीस वर्षांची बाई

नाही, पण मी म्हणते, तेवीसच का? बावीस लिही, चोवीस लिही, एकतीस लिही, या बेटावर आकड्यांचा काय दुष्काळ पडलाय का? पण नाही! तेवीसच लिहायचं, आणि तेही रेडिओवर, शनिवारी सकाळी सात वाजता, जेव्हा अख्खं गाव एका हातात कॉफी न् दुसऱ्या हातात गरम पाव घेऊन खासदारसाहेबांचा साप्ताहिक वृत्तांत ऐकत बसलेलं असतं!

तुम्हाला सांगते, मी भात वाढत होते. साहेबांचा तो खर्जातला आवाज नेहमीसारखा सुरू झाला... "माझ्या लाडक्या बंधू-भगिनींनो, या आठवड्यात मनिलात तुमच्यासाठी मी दोन समित्यांत बसलो, तीन विधेयकांवर कडाडून बोललो आणि एका पुलाला नाव दिलं..." आता कडाडून बोलले म्हणजे काय, तर आदल्या दिवशी माझ्या नवऱ्यानं, रेनाननं, आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून 'कडाडून' असं लिहिलं. तो साहेबांच्या इथल्या कचेरीत कामाला आहे, वृत्तांत तोच लिहितो, साहेब फक्त वाचतात. ज्या बुधवारी साहेब मनिलात कडाडले, त्याच बुधवारी मी त्यांना इथे कोंबड्यांच्या झुंजीच्या मांडवात पाहिलं होतं, निळ्या टोपीत. मला तेव्हाच शंका आली होती, पण मी बोलले नाही. मी बोलतच नाही.

तर साहेब पुढे म्हणतात, "आपल्या देशात अजून घटस्फोटाची सोयच नाही, पण घटस्फोटाच्या विधेयकाचं तिसरं वाचन जवळ आलंय. किनाऱ्यावरच्या एका गावातून मला एका तेवीस वर्षांच्या विवाहितेचं पत्र आलं. ती लिहिते, साहेब, जरा घाई करा. नवराबायकोचं म्हणून रोज मी ताट एकच मांडते, कागदावर मात्र आम्ही दोघं राहतो. मेल्यावर मला माझ्या बापाच्या आडनावानं पुरा..." आणि साहेबांचा आवाज चक्क भरून आला हो! मी समोर बघते तर रेनाननं पाव कॉफीत बुडवलाय आणि तो काढायचाच विसरलाय. पाव विरघळून तळाला गेला, तरी हा बोटं बुडवून बसलेला.

किनाऱ्यावरच्या गावात तेवीस वर्षांच्या विवाहिता किती? मी मोजल्या. तीन! एक कतारला घरकाम करते. दुसरी तिसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेलीय, तिला पत्र लिहायला हात मोकळा कुठला? मग उरली कोण? लग्नाला तीन महिने झालेली, तोंडातून शब्द न काढणारी, आणि जिचा नवरा थेट साहेबांच्याच कचेरीत! गावानंही मोजल्या असणार, कारण साडेसात वाजता दारात पाव भाजणारी निनांग ग्लोरिंग उभी. हातात बिबिंका, तांदळाची गोड जाड पोळी, केळीच्या पानावर भाजलेली, वाफ येत असलेली. एवढ्या सकाळी कोणी बिबिंका आणतं का? दुःखाच्या घरी नेतात तशी आणली होती!

आमच्या लग्नात बारा जण उभे राहिले होते, सहा निनोंग आणि सहा निनांग, म्हणजे मानलेले बाप न् मानलेल्या आया. लग्नात पंखा, इस्त्री, कपबशा द्यायच्या आणि पुढे संसार कुरकुरला की तेल घालायला यायचं, हे त्यांचं काम. पहिले निनोंग कोण, माहितीय? खुद्द खासदारसाहेब! महिन्याला वीस लग्नांत ते निनोंग असतात, आम्हाला त्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं, तबकडीवर त्यांचाच फोटो. म्हणजे ज्या माणसानं माझं लग्न लावून दिलं, तोच माणूस सगळ्या बेटाला सांगतोय की मला ते नको! आणि त्याला पत्ताही नाही!

निनांग ग्लोरिंगनं मला ओट्याशी गाठलं. "इंदाय, पोरी, खरं सांग. मारतो?"

"नाही."

"पितो?"

"नाही हो."

"दुसरी कुणी आहे?"

"नाही..."

"मग काय, घोरतो? अगं, घोरतो म्हणून कुणी मनिलापर्यंत जातं का? माझा घोरायचा तेव्हा मी कानात कापूस घालायचे!"

मी काही बोलले नाही. मी बोलतच नाही. पण बिबिंकाचे तुकडे करता करता मला शंका आली. कारण बघा ना, पत्र मी लिहिलेलं नाही. वृत्तांत लिहिला यानं. मग तेवीस वर्षांच्या बायकोला नवरा नकोसा झालाय हे सुचलं कुणाला? की तेवीस वर्षांची बायकोच कुणाला नकोशी झालीय? तीन महिन्यांत? माणूस नवीन चप्पलसुद्धा सहा महिने वापरतो!

आणि आता सासूबाईंचं ऐका. आमच्या नानाय म्हणजे चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. दर रविवारी प्रार्थना संपली की दारात कागद लावलेली पाटी घेऊन उभ्या राहतात, घटस्फोटाच्या विधेयकाविरुद्ध सह्या घ्यायला. "लग्न म्हणजे लग्न! इथे सही कर, इथे! आणि नाव नीट लिही, मागच्या वेळी मुंगी काढली होतीस!" एकानंही सुटायचं नाही, माझीही घेतलीय त्यांनी. या बाईनं त्या सकाळी मला कच्चं खायला हवं होतं की नाही? तर काय केलं त्यांनी? निनांग ग्लोरिंगला म्हणाल्या, "पोरीला छळू नकोस, ग्लोरिंग. जा, तुझे पाव करपतील." आणि दुपारी माझ्या ताटात माशाचं डोकं! अहो, तीन महिने माझ्या वाट्याला शेपटी येत होती! डोकं म्हणजे या घरात पाहुण्याचा मान. मला शंका आली. एवढी माया उगाच येत नाही.

मग मी ते पत्र मनात पुन्हा वाचलं. ताट एकच मांडते? माझा नवरा तर दोन ताटं भात खातो, आणि वर माझ्या ताटातला उचलतो! आणि तेवीस वर्षांच्या मुलीला पुरण्याची काय घाई? थडग्यावर कुणाचं आडनाव लागणार याचा विचार कोण करतं?

दुपारी रेनान मागच्या अंगणात मोटरसायकल धूत होता. मी गेले, उभी राहिले, आणि बोलले. हो, मी बोलले!

"रेनान, मी तुला नको झालेय का?"

त्याच्या हातातली नळी सुटली, आम्ही दोघं भिजलो, कोंबडीही भिजली. "काय? कुणी सांगितलं?"

"तू सांगितलंस. रेडिओवरून."

"अगं, ते पत्र खरं आहे! कचेरीत आलं, साहेबांनी बघितलं, म्हणाले हे घ्या, लोक रडतील. फक्त वय मी बदललं."

"का बदललंस?"

त्यानं नळी बंद केली. मग मान खाली घालून म्हणाला, "अक्षर ओळखलं."

आणि त्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. आत नानाय भांडी घासत होत्या. पाठमोऱ्या, ताठ.

आता माझे सासरे... होडीचं इंजिन दुरुस्त करून आणतो म्हणून सेबूला गेले. त्याला एकोणीस वर्षं झाली. तिकडे त्यांना तीन मुलं आहेत, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, आणि नानाय सगळ्या गावाला सांगतात, "यजमान कामावर आहेत." गावही मान डोलावतं. इतकी वर्षं दोघंही एकमेकांची अब्रू सांभाळतायत, गाव आणि नानाय.

"पत्रात खरं वय लिहिलं होतं?" मी विचारलं.

"एकसष्ट. एकसष्ट वर्षांची, नवरा एकोणीस वर्षं बाहेर, अशी बाई किनाऱ्यावर एकच आहे गं! पाच मिनिटांत ओळखली असती."

"मग ऐंशी लिहायचंस!"

"ऐंशीला लोक म्हणाले असते, आता कशाला? तरुण वय हवं होतं. लिहिता लिहिता मान वर केली, समोर तू शेंगा निवडत होतीस..."

तुम्हीच सांगा, यावर रागवायचं की काय करायचं? आईला झाकायला यानं हाताला लागेल ते पांघरूण ओढलं, आणि ते मी निघाले! मला इतकं हलकं वाटलं, की मी रागवायचंच विसरले. आणि मग आठवून रागावले.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये फादर म्हणाले, "आपल्या गावातल्या एका तरुण जोडप्यासाठी आज सगळ्यांनी डोळे मिटू या." सगळ्यांनी डोळे मिटले आणि बोटांच्या फटीतून माझ्याकडे पाहिलं. अगदी ओठांवर आलं होतं हो, ओरडून सांगावं, बायांनो, मी नाही ती! पण बाहेर नानाय पाटी घेऊन उभ्या होत्या. नेहमी खड्या आवाजात सह्या मागणारी बाई, आज पाटी नुसती पुढे करत होती. माझ्यासमोर पाटी आली ती चक्क उलटी. मी म्हटलं, "माझी सही झालीय, नानाय." आणि पाटी त्यांच्या हातातून घेऊन मीच धरली. गाव बघत राहिलं! घटस्फोट मागणारीच घटस्फोटाविरुद्ध सह्या घेतेय! निनांग ग्लोरिंगनं तर सही करताना माझ्या डोक्यावर हात ठेवला.

संध्याकाळी नानाय माझ्याशेजारी येऊन बसल्या. सुकटीच्या शेपट्या मोडत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "इंदाय... त्या मुलीनं... त्या पत्रातल्या... अजून एक पत्र धाडलं, तर तुझी काही हरकत?"

"माझी कशाला असेल?"

"तिचं वय मात्र तेच राहू दे म्हणावं."

मी हो म्हटलं. काय करणार?

मग कालचा शनिवार. साहेब गरजले, "खालच्या सभागृहात विधेयक मंजूर! त्या तरुण भगिनीचे अश्रू फळाला आले!" नानायच्या हातातली पळी खाली पडली. मीही खूश, म्हटलं सुटलो सगळे. रेनानला हळूच विचारलं, "आता झालं ना?"

"छे गं! आता वरच्या सभागृहात जाणार. ते तिथे पडून राहतं. मध्ये निवडणूक आली की बुडतं, मग पुन्हा पहिल्यापासून, पहिलं वाचन, दुसरं वाचन..."

"म्हणजे किती वर्षं?"

"दहा... पंधरा... जरा जास्तही."

म्हणजे बघा! मला नवरा आवडतो, नवऱ्याला मी आवडते, आता तर सासूलाही मी आवडते. आणि आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतील, त्याही शनिवारी सकाळी सात वाजता मी घटस्फोटच मागत असणार!