भोंगा बंद ठेवणेबाबत

विषय : शेजारच्या कोचिंग क्लासचा भोंगा दुपारी बंद ठेवणेबाबत. संदर्भ : आमच्या स्वयंपाकघराचा पत्रा. तुम्ही म्हणाल, तिथं भिंत का नाही? तर दगडी भिंतींनी भूकंपात काय केलं ते लातूरकराला सांगावं लागत नाही. नव्यानं बांधताना एक बाजू पत्र्याचीच ठेवली, अंगावर पडली तरी माणूस उठून बसावा म्हणून. तेव्हा पलीकडं मोकळं रान होतं हो... आता तिथं शारिक सर बायोलॉजी शिकवतात, शेकडो पोरांना, भोंग्यावर. मी कचेरीतून रिटायर झालेला क्लार्क, मला बेडकाचं पोट पाठ झालंय. चालायचं.

पण सोमवारी आमच्या हिच्या, गौरम्माच्या, काखेतल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "रिपोर्ट येऊ द्या, मग बोलू." डॉक्टरनं बाजूला घेतलं की काय समजायचं ते समजतं. मी घरी सांगितलं, चरबीची गाठ आहे. झालं... दुसऱ्या दिवशी ही पत्र्याला पाठ टेकून लसूण सोलत बसलेली, आणि भोंगा सुरू, "लिहा पोरांनो, टेलोमिअर!"

आता हे अख्ख्या गल्लीला कळायची काय गरज?

"समजा, एका कागदाची झेरॉक्स काढली, मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स, दर वेळी काठ थोडा कापला जातो. कापला जातो तो कोरा समास, मजकूर शाबूत. गुणसूत्राच्या टोकाचा हा समास म्हणजे टेलोमिअर. एका पेशीच्या दोन झाल्या की समास घटला. समास संपत आला की पेशी म्हणते, बस, आता नक्कल नाही. पेशी म्हातारी झाली. समझे?"

तुम्हाला सांगतो, मला पटलं. अठ्ठावन्नाला आम्हीही बसच म्हणालो. ही म्हणते, "माझ्या गुडघ्याचा समास संपला बगा." मी हसलो, जरा मोठ्यानंच, कारण पुढं काय येणार याची धास्ती... आलंच. "पण टेलोमरेज नावाचं एन्झाइम हा समास पुन्हा चिकटवतं. आपल्या बहुतेक पेशींत ते बंद असतं. आणि दहातल्या नऊ कॅन्सरांत चालू असतं. मग ती पेशी रिटायरच होत नाही, नकलांवर नकला काढत सुटते!"

मी उठून टीव्ही लावला. लाइट गेली. मग भोंगा कसा चालू? इन्व्हर्टर. फी काय उगाच घेतात? मग मी खोकलो, खोकतच राहिलो. ही म्हणते, "अवो, कामून खोकायलाव? ऐकू द्या की."

गल्लीला कळायची काय गरज, एवढंच मी अर्जात सभ्य भाषेत लिहिलं आणि वॉर्ड ऑफिसात देऊन आलो. परत येतो तो ही पत्र्याला तोंड लावून उभी. "शारिक सर, ते समास चिकटवणारं बंद करायचं औषध निघालं का?"

सर गडबडीत भोंग्यावरच म्हणाले, "काकू, शोध चालू आहे. ते बंद करताना चांगल्या पेशींना धक्का लागू नये, तिथं अडतंय... कुणाला झालंय काकू?"

अख्ख्या गल्लीनं ऐकलं. माझ्या हातातली पिशवी हातातच.

"रिपोर्ट यायचाय," ही म्हणाली. "आमचे हे म्हणतात चरबी हाय." मग माझ्याकडं वळून, हळू आवाजात, "डॉक्टरनं तुम्हाला बाजूला घेतलं तवाच कळलं. मला घेतलं असतं तर मीबी तुम्हाला चरबीच सांगितली असती."

मी लसणाची सालं गोळा करायला लागलो.

"आणि भोंग्याचा अर्ज मागं घ्या," ही म्हणाली. "औषधांचा धडा पुढच्या आठवड्यात हाय म्हणं."

गेलो. वॉर्ड ऑफिसातला बाबू म्हणाला, "काका, पहिल्या अर्जावर निर्णय झाल्याशिवाय तो मागं कसा घेता येईल? तुम्हीच सांगा, तुम्ही कचेरीतले." बरोबर होतं त्याचं.

सबब, रिपोर्ट अद्याप आलेला नाही. भोंगा बंद ठेवण्याचा अर्ज प्रलंबित आहे. तो मागे घेण्याचा अर्जही प्रलंबित आहे.