कॅसेटवरची अरबी

नकुशी : कैफ हालक.

शहाबानो : कसा हायस, असं इचारायला हालक बाप्याला. बाईला हालिक. मी काय बाप्या हाय का?

नकुशी : मला बाप्यालाच इचारायचंय, आपा. हालकच पाठ करू द्या.

शहाबानो : तुझं हे रोजचंच. महिना झाला, तळेगावावरनं जीपला लटकून शिरूरला येतीस. पाणी आणा, फरशी पुसू का, पोरगं झोपलंय... घरकामाला लागणारं शिकवलं की तुझं ध्यान भलतीकडंच. जेद्दाला आठ वर्सं मी तेवढ्यावरच काढली. खरं सांग, तुला तिकडं कामाला जायचंच न्हाई ना?

नकुशी : न्हाई.

शहाबानो : मग माझं डोकं का खाल्लंस?

नकुशी : एक बोलणं कळून घ्यायचंय. म्हणून दाखवते. "हादा नफर कज्जाब. मरीद माफी. हादा यब्गा बैत, बस."

शहाबानो : या अल्ला. कुठं ऐकलंस हे?

नकुशी : आमच्या ह्यांच्या कॅसेटवर.

शहाबानो : भिमाच्या? तो जाऊन किती वर्सं झाली.

नकुशी : सात. शहाण्णव साली गेले. रियाधजवळ मळ्यात माळीकाम करत होते, पोटात काय तरी फुटलं, तिकडचे म्हणाले. बॅग आली, त्यात ही कॅसेट. घरी धाडायला बोलणं भरत होते. पोरीला शाळेत घाल, विहिरीवर जाळी टाक, असलं. मधीच थांबत्यात, कण्हत्यात. मग दार वाजतं. दोघं येत्यात. एक अरब काय तरी इचारतो आन् दुसरा त्याला हे सांगतो. टेप चालूच राहिला.

शहाबानो : आन् तू ते पाठ केलंस?

नकुशी : केलं न्हाई, झालं. फीत तुटेस्तवर ऐकली. शब्द न् शब्द तोंडात हाय, अर्थाचं नाव न्हाई.

शहाबानो : पयल्याच दिवशी इचारायचं होतंस की. एका मिन्टात सांगितलं असतं.

नकुशी : राग मानू नका, पण मधी कुणी नको होतं. तिथं मधी बोलणारा होताच. त्याच्यामुळंच हे झालं का काय, ते माझं मलाच कळायला पायजे होतं. आता हादा कळलं, हा. नफर, माणूस. माफी, न्हाई. यब्गा बैत, घर पायजे. दोनच राहिल्यात. मरीद आन् कज्जाब.

शहाबानो : नको गं बाई. अल्लावर सोड.

नकुशी : आपा, सांगा.

शहाबानो : ...मरीद, आजारी. कज्जाब म्हंजी खोटारडा.

नकुशी : हा माणूस खोटारडा हाय. आजारी न्हाई. ह्याला घरी जायचंय, बस.

शहाबानो : खाली बस. पाणी घे.

नकुशी : पाणी नको. तोच आवाज पुढं मराठीत बोलतो, "गप पड रे भिमा, सायबाला सांगितलंय मी." तो सुदर्शन. दौंडचा. तिथला मुकादम होता, ह्यांच्या पत्रांत नाव असायचं, मळ्यात मराठी बोलणारा दुसरा तेवढाच. आता दौंडात क्लास काढलाय त्यानं. गल्फला जाणाऱ्या पोरांना बोलायची अरबी शिकवतो आन् तिकडं धाडतो.

शहाबानो : पोलिसात जा.

नकुशी : तुटकी फीत घेऊन? मी क्लासात नाव घातलंय, माहेरच्या नावानं. त्यानं मला कवा बघितलेलं न्हाई.

शहाबानो : काय करणार हायस तिथं? नकुशी, माझ्याकडं बघ. काय करणार?

नकुशी : त्यालाच अर्थ सांगायला लावणार.

(दौंड. आठ दिवसांनी, भर दुपारी. सुदर्शनच्या क्लासात बाकांवर बारा जण.)

सुदर्शन : तर कफील म्हणजे आपला तिकडचा मालक. त्यानं हाक मारली की लगेच काय म्हणायचं? शाकीर, बोल.

शाकीर : हादिर, सर.

सुदर्शन : व्हेरी गुड. बघा, कारेगावला कंपनीच्या बसची वाट बघणारा पोरगा, दोन आठवड्यांत फाडफाड बोलायला लागला. अजून कुणाला डाउट? मावशी, तुम्ही आल्यापासून गप्पच. लाजायचं नाही. चुकलं तरी बोलायचं.

नकुशी : एक ऐकलेलं हाय, सर. अर्थ सांगाल? "हादा नफर कज्जाब."

सुदर्शन : सोपंय. हा माणूस खोटारडा आहे. लिहून घ्या सगळ्यांनी.

नकुशी : "मरीद माफी."

सुदर्शन : आजारी नाही. नाटकं करणाऱ्या लेबरबद्दल असं सांगतात. पुढं?

नकुशी : "हादा यब्गा बैत, बस."

सुदर्शन : ह्याला घरी... कुठं ऐकलंत हे?

नकुशी : तुमच्या तोंडून. त्याच्या म्होरं मराठीत हाय, ते ह्या पोरांनाबी कळंल. "गप पड रे भिमा, सायबाला सांगितलंय मी."

सुदर्शन : तुम्ही कोण?

नकुशी : भिमाची बायको. तळेगाव ढमढेऱ्याची.

सुदर्शन : आजचा क्लास संपला. उद्या या सगळे.

शाकीर : थांबा की, सर. कोण भिमा?

नकुशी : ह्यांच्या हाताखालचा माळी. पोट धरून पडला होता. त्याला अरबी येत न्हवती. अरबी येणारा खोलीत एकच होता, त्यानं मालकाला काय सांगितलं ते आत्ता वहीत लिहिलंत तुम्ही.

सुदर्शन : पुरावा काय ह्याला? आहे काही?

नकुशी : न्हाई. होती ती फीत तुटली.

सुदर्शन : मग! कुणीही उठायचं आन् काहीही बोलायचं? मी काय डॉक्टर हाय व्हय? कफीलनं स्वतः पोट दाबून बघितलं त्याचं. आन् सकाळी माझं विमान होतं, मी तरी काय...

शाकीर : म्हंजी तुम्ही होता तिथं.

सुदर्शन : तू मधी बोलू नको.

शाकीर : विमानाचा काय संबंध, सर?

नकुशी : सांगा की. चुकलं तरी बोलायचं.

सुदर्शन : ...त्याला दवाखान्यात टाकलं असतं तर माझी सुट्टी गेली असती. मळा बघायला दुसरं कुणी न्हवतं. बहिणीचं लगीन होतं माझ्या. मला वाटलं, उतरंल दुखणं. खरंच वाटलं, वहिनी.

नकुशी : झालं लगीन?

सुदर्शन : झालं.

नकुशी : आम्हाला चौथ्या दिवशी तार आली. तवा मांडव असंल तुमच्या दारात.

सुदर्शन : पाया पडतो तुमच्या. काय पायजे ते सांगा, पण ह्या पोरांच्या समोर नको.

नकुशी : ह्यांच्या समोरच पायजे. आन् मला वहिनी म्हणू नका.

शाकीर : चला रे. आपापले पासपोर्ट घ्या त्या कपाटातनं.

नकुशी : घ्या, पण बसा घडीभर. जायचं तर खुशाल जा तिकडं, दुसऱ्या कुणाच्या हातनं जा. वह्या काढा. साठ वाक्यं लिहून दिलीत ह्यांनी. आलो साहेब, करतो साहेब, चूक झाली साहेब. दुखतंय म्हणायचं हाय का एक तरी?

शाकीर : ...न्हाई, मावशी.

नकुशी : सर, खडू घ्या. माझ्या पोटात दुखतंय. लिहा.

सुदर्शन : हे बरं न्हाई.

नकुशी : लिहा. आता वाचा.

सुदर्शन : बत्नी यूजअनी.

नकुशी : तोंड पोरांकडं करून.

सुदर्शन : बत्नी... यूजअनी.

नकुशी : मागच्या बाकावर ऐकू आलं न्हाई, सर.