बॅप्टिस्टरावांचं उरलेलं मत

नाही नाही, बसा हो बॅप्टिस्टराव, मिस्सा सुटली ना, मग आता घाई कसली — थेरेसावहिनी काही पळून जात नाहीत. दोनच मिनिटं. सकाळी काय झालं ते कानावर आलं असेल तुमच्या. नाही? अहो, सोसायटीची मीटिंग! तुम्ही तिकडे चर्चमध्ये, आणि इकडे सेक्रेटरीपदासाठी मतं पडली बरोबरीत. एका बाजूला मी — उमेळ्यात ही बिल्डिंग उभी राहिल्यापासूनचा सेक्रेटरी — आणि दुसऱ्या बाजूला कोण? मनोरमा! आमची मनोरमा! एका घरात दोन उमेदवार, आणि सकाळचे पोहेसुद्धा तिनंच दिले मला, वर खोबरं घालून. आता संध्याकाळी परत हात वर करायचेत आणि उरलंय ते तुमचंच मत. म्हणून आधीच सावध करतो. ती संध्याकाळी पुन्हा बोलेल, तिला भुलू नका. ते भाषण नाही, ती युक्ती आहे. आणि युक्ती कुणाची? माझी!

म्हणजे बघा, शाळेतून रिटायर झालो तरी मी मुलांना वक्तृत्व शिकवतो, स्पर्धांना परीक्षक म्हणून जातो, ते ठाऊक आहे तुम्हाला. यंदा विषय आलाय समतेचा. मग गुलामी बंद करा म्हणून तिकडे अमेरिकेत, विलायतेत लोकांनी काय काय छापलं, आपल्याकडे बायकांच्या शिक्षणासाठी, पाणवठ्यासाठी कोणी काय लिहिलं, ते सगळं मुलांपुढे उलगडून ठेवलं. या मंडळींच्या हातात ना सत्ता ना बंदूक, नुसता कागद. मग समोरच्याचं मन वळवायचं कसं? शिव्या देऊन? छे! शिवी दिली की माणूस कान बंद करतो. आधी म्हणायचं, तुम्ही सज्जन, तुम्ही देवाधर्माचे. तो खूश. मग विचारायचं, सज्जनाच्या घरी असं घडेल का हो? तो म्हणतो, छे, कसं घडेल! — अडकला. आणि लाखो गुलाम आहेत असं सांगत बसायचं नाही, लाखांसाठी कोणी रडत नाही. एक बाई सांगायची. तिचे हात, तिची फाटकी चादर. नाव शेवटपर्यंत झाकून ठेवायचं. ऐकणारा रडायला लागला, तिच्या मालकाच्या नावानं बोटं मोडायला लागला, की हळूच म्हणायचं — मालक इथेच बसलाय, तुमच्यात. हे मी बाहेरच्या खोलीत शिकवत होतो आणि ही आत लसूण सोलत होती. मला वाटलं, लसूणच सोलतेय.

तर सकाळी उभी राहिली. पहिलं वाक्य काय? "ह्यांच्यासारखा सरळ सेक्रेटरी अख्ख्या वसईत मिळायचा नाही." मी मान डोलावली. म्हटलं, माघार घेतेय बिचारी. मग म्हणाली, एका बिल्डिंगमध्ये एक बाई आहे. पहाटे नळाला पाणी आलं की जिने उतरते, पंप सुरू करते, टाकी भरेपर्यंत तिथेच थांबते, परत कठडा धरून वर चढते. गुडघे दुखतात तिचे. काम खरं तर तिच्या नवऱ्याचं. तो झोपलेला. आणि पाणी वेळेवर येतं म्हणून लोक नारळ देतात तो नवऱ्याला! बॅप्टिस्टराव, डोळे भरून आले हो माझे. मी मोठ्यानं म्हणालो, "कोण हा नालायक?" — आणि सगळी मीटिंग माझ्याकडे बघायला लागली.

हसू नका. मला कसं कळणार? गुडघ्यांनी घोटाळा केला. मनोरमेचे गुडघे दुखतात हे मला माहीतच नव्हतं. पंपाचं माहीत होतं, म्हणजे पहिला आठवडा मीच जात होतो, मग मला सर्दी झाली, मग सर्दी बरी झाली, पण ते… राहिलं.

काय? बरोबरी कशी झाली? तेच तर सांगायचं नव्हतं. अध्यक्षांनी विचारलं, मनोरमाबाईंच्या बाजूनं कोण, आणि माझा हात — अहो, टाळीसाठी उचलला होता! जन्मभराची सवय, चांगलं भाषण झालं की हात आपोआप उठतो. मोजला त्यांनी. खाली घ्यायला हवा होता, कबूल. नाही घेतला. का म्हणजे? असं भाषण मी उभ्या तालुक्यात ऐकलं नव्हतं, बॅप्टिस्टराव. घरात होतं ते, आणि मी पोरांमध्ये शोधत फिरत होतो. अभिमान वाटला हो मला, काय करू!

पण मत मात्र मलाच द्या हां. रिटायर्ड मास्तरला कोण विचारतं? खालून कोणी "सेक्रेटरीसाहेब" म्हणून हाक मारली की बरं वाटतं, एवढंच. आणि पंप उद्यापासून मी सुरू करणार, शब्द देतो. तुम्ही तळमजल्यावरचे, तुमच्या दारावरूनच जावं लागतं, ठेवा नजर —

काय? तिला रोज बघता? रोज? आणि थेरेसावहिनी स्टूल ठेवायच्या जिन्याखाली? मनोरमेला टेकायला? थांबा — ते निळं स्टूल? ते तर मी उचलायला लावलं होतं. जिन्यात अडगळ नको म्हणून नोटीस लावली होती मी, सहीनिशी. मग सांगायचं नाही का मला? एका शब्दानं तरी?… तुम्हाला वाटलं, मला माहीत असेल.

ती काही म्हणाली का हो, स्टूल नेलं तेव्हा?… काहीच नाही? मग काय करायची?… उभी राहायची.

जा तुम्ही, बॅप्टिस्टराव. वहिनी जेवायच्या थांबल्या असतील. मताचं राहू द्या. जा म्हटलं ना.