मास्तरणीचा कोंडा

—नाही हो डॉक्टरीणबाई, चावत नाही ती, नुसती खेकसते. म्हणून तर नाव मास्तरीण. तुम्ही घाला थर्मामीटर बिनधास्त, मी धरतो तोंडाकडून— म्हणजे धरतो असं आपलं म्हणायचं, दोनशे किलोच्या डुकरीणबाईला कोण धरतंय? कधीपासून? झाले की दोन दिवस. परवा सकाळी शेळीसारख्या चार लेंड्या टाकल्या, त्याही अशा की खोऱ्यावर टणाटण वाजल्या. त्यानंतर काही नाही. नुसती बसते, जोर करते आणि माझ्याकडे बघते— जणू मीच बूच मारलंय!

खायला? खायला तेच हो, नेहमीचं. दुकानदाराचीच काहीतरी भानगड असणार, हल्ली पोत्यात काय भरतात देव जाणे. शिवाय हवा बघा कशी आहे. शिवाय व्यायला आलीय, चार दिवसांवर, पोटात दहा-बारा पिल्लं म्हटल्यावर आतड्याला जागा कुठली उरणार? माझ्या मेव्हण्याचं तर पोटात काही नसताना अडतं.

भिंतीवरचा कागद? बायकोचा. इथलं सगळं तिचंच, मी नुसता खोरंवाला. लेकीच्या बाळंतपणाला गेलीय, जाताना चिकटवून गेली— मास्तरीण, दोन वेळा, दर वेळी दोन डबे कोंडा, भरपूर पाणी, विसरू नये. 'विसरू नये'च्या खाली दोन रेघा! तीस वर्षांच्या संसारात मला एक चिठ्ठी लिहिली नाही बाईनं, आणि डुकरिणीसाठी रेघा मारते. बरं, विसरलो मी नाहीच, तेवढं खरं. कोंड्याचं पोतं ना? ते काय, कोपऱ्यात. हो, भरलेलं आहे. दिसतंय मलाही.

आता इथंच घोडं पेंड खातंय बघा. बंद केला मी कोंडा. दोन दिवस— नाही. नऊ. नऊ दिवस झाले, घ्या! अहो, तुम्ही नऊ दिवस खोरं मारून बघा, मग भुवया चढवा. कोंडा पचतो थोडा आणि बाहेर पडतो ढीगभर, पाणी पिऊन फुगून, टोपल्याच्या टोपल्या. माझी कंबर आधीच गेलेली. पलीकडच्या कप्प्यातली वाढीची पोरं बघा— त्यांचा खुराक बारीक दळलेला, चोथा नावाला, सगळं अंगाला लागतं, घाण कमी. म्हटलं हिलाही तेच देऊ, पोटुशी आहे, ताकद येईल, आणि माझी टोपली हलकी. पहिले तीन दिवस तर मी स्वतःला शास्त्रज्ञच समजत होतो. मग ही दाराचे गज चावायला लागली— पोट भरेना म्हणून चावत होती हो, आणि मला वाटलं लाडात आलीय.

काय? एकशे चार? मग आता— दूध उतरणार नाही म्हणजे? पिल्लं आली की उपाशीच? आणि ही? असं नका बोलू हो. हिला बायकोनं बाटलीनं पाजून वाढवलंय, स्वयंपाकघरात, ओट्याखाली, रात्री उठून उठून. मी हसायचो तिला. हिला काही झालं तर मी कुठल्या तोंडानं— ऐका, तुम्ही सांगा ना तिला, खाद्य खराब निघालं म्हणून. तुमचं ऐकेल ती. दुकानदाराचं काय जातंय, तो तसाही चोरच आहे. एवढं एक करा— अशी मान हलवू नका!

थांबा, तिचाच फोन. हं, बोल. मुलगी? वा, वा! दोघी बऱ्या ना? नाक कुणाचं? चालायचंच, माझं नाही ना, मग पोरगी सुटली. हो, जेवलो. हो, कंबर बरी आहे. मास्तरीण? मास्तरीण ना— मजेत आहे, काय धाड भरलीय तिला— ऐक. डॉक्टरीणबाई आल्यात. तिचं अडलंय, ताप आहे. कोंडा मी बंद केला. नऊ दिवस. टोपली उचलायचा कंटाळा आला म्हणून. दुकानदाराचा काही दोष नाही, माझाच आहे. ऐकतेयस ना? हॅलो? अगं, हॅलो?

ठेवला. आता येईल, मिळेल त्या गाडीनं, आजच्या आज, तासाभराच्या नातीला तिथं सोडून. माझ्या तोंडाकडे काय बघताय? पाणी कोमट आणू की गरम तेवढं सांगा, आणि लागा कामाला.