पायऱ्यांचं पाणी

शहरात हैज्याची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ पसरली, तरी कॉलेजच्या नव्या स्टेडियमचं काम थांबलं नाही. सामने तोंडावर आले होते. लस टोचून घ्यायला मजुरांची रांग लागली, तिच्यात खेळांचे मास्तर मनोहररावही उभे राहिले. पुढं दोन मजूर बायका बोलत होत्या.

"प्रयागबाई, तुह्या मानसाची माती कालच झाली नं? आज कामावर काहून आली वं?"

"नवीन पायऱ्या आहेत, जयवंता. पाणी मारलं नाही तं तडकतीन."

"लई तरसला का तो?"

"दिवसभर उलट्या न् जुलाब. पदराले धरून म्हणे, एक घोट दे वं, एकच घोट."

"देलं तं नाही?"

"कशी देईन? समदे म्हणत, हैजात पाणी देलं का मानूस हातचा जाते. मी तं पाण्याचा गडवाच बाहेर नेऊन ठेवला, त्याले दिसू नये म्हणून."

"बरं केलं. तुह्याकडून तू काही कमी नाही केलं."

टेबलाजवळून नर्सबाई साऱ्या रांगेला मोठ्यानं सांगत होत्या, "हैजा झाला तर पाणी तोडू नका. मीठ-साखर घालून पाजत राहा. अंगातलं पाणी जातं, म्हणूनच माणूस मरतो."

रांग पुढं सरकली. प्रयागबाई जागची हलली नाही. मग ती मागं वळली.

"मास्तर, बाई काय सांगून राहिल्या?"

"मलाही नीट ऐकू आलं नाही," मनोहरराव म्हणाले.

तिनं पदर खोचला.

"पायऱ्या सुकल्या असतीन," ती म्हणाली, आणि रांग सोडून स्टेडियमकडे चालू लागली.